बोकड, मशक आणि पेट्रा : २२ ऑगस्ट १८१२

१/ २२ ऑगस्ट १८१२. आजच्या जॉर्डनमधील वादी मूसाच्या खोऱ्यातून दोन माणसे पायी निघाली होती. एकाजवळ नवसाचा बोकड, दुसऱ्याजवळ पाण्याची मशक. मशक वाहणारा स्वतःला ‘शेख इब्राहिम’ म्हणवीत असे. त्याचे खरे नाव योहान लुडविग बुर्कहार्ट. #इतिहास #धागा

२/ हा २७ वर्षांचा स्विस तरुण लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनसाठी काम करीत होता. नायजर नदीच्या प्रदेशात पोहोचणे हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी त्याने अलेप्पोत राहून अरबी आत्मसात केली. दमास्कसहून कैरोकडे जाताना या खोऱ्यातील प्राचीन अवशेषांची वार्ता त्याच्या कानी आली.

३/ ते अवशेष उघडपणे पाहणे धोक्याचे होते. तिथे धन पुरलेले आहे आणि परके लोक ते मंत्रविद्येने काढून नेतात, असा स्थानिकांचा समज होता. म्हणून बुर्कहार्टने जवळच्या डोंगरावरील हारून पैगंबरांच्या कबरीला नवस बोलल्याचे सांगितले. वाट अवशेषांमधूनच जात होती. वाटाड्याची मजुरी : घोड्याच्या जुन्या नालांची जोडी!

४/ प्रवेश ‘सिक’ नावाच्या घळीतून. लांबी सुमारे १.२ किलोमीटर, दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे उभे कडे. कड्यांत पाण्याचे पाट कोरलेले. धूप-सुगंधी द्रव्यांच्या व्यापारावर संपन्न झालेल्या नबातियन लोकांनी या वाळवंटात नगर वसवले, ते पाणी अडवण्याच्या आणि साठवण्याच्या कौशल्यावर.

५/ घळ संपते तिथे समोर ‘अल-खजने’ : डोंगरात कोरलेला, जवळपास ४० मीटर उंचीचा दर्शनी भाग. नावाचा अर्थ खजिना. वास्तू मात्र थडग्याची. माथ्यावरील दगडी कलशात फेरोचे धन आहे अशी समजूत होती. कलशावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात, त्या यामुळेच.

६/ पुढे कड्यांत कोरलेली थडगी, खडकातून खोदलेले नाट्यगृह. परंतु ‘कस्र अल-बिंत’ या वास्तूकडे बुर्कहार्ट वळताच वाटाड्याचा संयम सुटला. तू काफिर आहेस, पूर्वजांच्या धनासाठी आला आहेस. पण ते आमच्या भूमीत आहे आणि आमचेच आहे, अशा आशयाचे त्याने सुनावले.

७/ बुर्कहार्टने पुढची पाहणी आवरती घेतली. झडती झाली असती, तर लपवलेली टिपणवही जादूचे पुस्तक समजून जप्त झाली असती. सूर्यास्ताच्या सुमारास, कबर दुरून दिसेल अशा ठिकाणी बोकड कापून त्याने नवस फेडला. कबरीपर्यंत तो गेलाच नाही.

८/ १८१७ मध्ये कैरोत त्याचे निधन झाले. प्रवासवर्णन १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे अवशेष प्राचीन पेट्राचे असणे फार संभवनीय आहे, एवढेच त्याने लिहिले आणि निर्णय विद्वानांवर सोपवला. एका दिवसाच्या घाईतल्या पाहणीवर आधारलेला तो तर्क अचूक ठरला.

९/ ‘पेट्राचा शोध’ बुर्कहार्टच्या नावावर नोंदला जातो. वास्तविक युरोपला विसर पडलेली ती वाट वाटाड्याच्या रोजच्या परिचयाची होती. त्याचे नाव ग्रंथात नाही. सोन्याविषयीचा त्याचा समज चुकीचा होता. परका माणूस इथून काहीतरी लपवून नेतो आहे, हा संशय मात्र खरा होता. ती वस्तू म्हणजे टिपणवही.