वऱ्हाडचे ऋण आणि त्यातील विस्मृत वजावट

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. दोन्ही तीरांची भाषा मराठी, पिके कापसाची व ज्वारीची. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४७ पर्यंत ऐलतीरी इंग्रजांचा अंमल होता व पैलतीरी निजामाचा. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही तीरांचा स्वामी मात्र निजामच होता. ह्या विलक्षण सीमेच्या मुळाशी युद्ध नसून एक कर्ज आहे. आणि ते कर्ज खरोखर देणे होते की नाही, हाच वऱ्हाडच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

१८०० च्या तहान्वये निजामाने युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावयाचे होते. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसण्याचे बंधन त्या तहात नव्हते. तथापि रेसिडेंट हेन्री रसेल ह्याच्या कारकिर्दीत (१८११-१८२०) अशी फौज उभी राहिली व पुढे ती ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून स्थिरावली. तिचा खर्च वर्षास सुमारे ४० लाख रुपयांवर गेला. फौजेवर हुकूम इंग्रजांचा आणि पगाराचा भार निजामाच्या खजिन्यावर, अशी ही व्यवस्था होती.

हा भार वाहण्यासाठी दरबाराने विल्यम पामर ह्याच्या पेढीकडून चढ्या व्याजाने कर्जे काढली. युरोपियनांनी देशी राजांस कर्ज देण्यास कायद्याने मनाई असता, ह्या पेढीस १८१६ मध्ये गव्हर्नर-जनरलकडून सवलत मिळाली. पेढीतील एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड ह्याची पत्नी गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या आश्रयास वाढलेली होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेटकाफने हा व्यवहार उघडकीस आणला. पेढीचे देणे भागविण्यासाठी कंपनीने १ कोटी १६ लाखांहून अधिक रक्कम दिली. तिच्या मोबदल्यात उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची बंद झाली. जुने कर्ज फिटले, पण उत्पन्नाचा एक हुकमी स्रोत गेला. आणि कंटिंजंटचा खर्च होता तसाच राहिला. त्यामुळे नवे कर्ज साचणे अटळ होते. ह्या वेळी सावकार मात्र खुद्द कंपनी सरकारच होते.

१८५१ मध्ये डलहौसीने ७८ लाखांची मागणी केली. निजाम नासिरुद्दौला ह्याने तिचा काही भाग फेडला. पण बाकी पुन्हा वाढली. १८५३ मध्ये रेसिडेंट लो ह्याने प्रदेश कायमचा तोडून देण्याचा मसुदा पुढे केला. आपला मुलूख परक्याच्या हाती देणे ही राजास नामुष्की होय, असे निजामाचे म्हणणे होते. अखेर ‘कायमचा’ ही अट गळाली आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब व धाराशिव हे प्रदेश व्यवस्थेसाठी इंग्रजांकडे गेले. तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क मरण पावला व पहिला सालारजंग त्या पदावर आला.

ह्या हिशेबाची दुसरी बाजू मात्र तहाच्या वेळी वजनात धरली गेली नाही. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतील आबकारीचे उत्पन्न १८१२ पासून इंग्रज घेत होते. ते आपले आहे, असा निजाम सरकारचा दावा होता. वर्षास सुमारे एक लाख धरल्यास १८५३ पर्यंतच्या ४१ वर्षांची ही रक्कम ४१ लाखांच्या घरात जाते. आणि तहाच्या वेळचे कर्ज सुमारे ४३ लाखांचे होते. म्हणजे मुद्दलाची मुद्दलाशी वजावट केली तरी नाममात्र बाकी उरते. खुद्द रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन ह्याने १८६० मध्ये आपल्या सरकारास कळविले की, दोन्ही सरकारांची देणीघेणी निःपक्षपातीपणे पाहिली असती, तर निजामाकडे न्याय्य येणे निघाले नसते.

ह्या प्रकरणाशी फ्रान्समधील एका समकालीन नसलेल्या, पण उद्बोधक खटल्याची तुलना करता येते. मार्टिनिक बेटावरील जेझुइट धर्मगुरू आंत्वान लाव्हालेत ह्याने व्यापारात मोठे कर्ज केले. १७५५ मध्ये इंग्रजांनी फ्रेंच जहाजे पकडली, तेव्हा तो व्यापार बुडाला आणि त्याबरोबर मार्सेयची एक पेढीही कोसळली. कर्ज एका व्यक्तीचे, असा पवित्रा संघाने घेतला. परंतु १७६१ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने संपूर्ण संघास जबाबदार धरले, आणि १७६४ मध्ये फ्रान्समध्ये संघच बंद झाला. तेथील न्यायाधीशांच्या मनात जेझुइटांविषयी आकस होता, हे खरे. तरी सावकार व न्यायाधीश भिन्न होते. वऱ्हाडच्या बाबतीत फौज ठेवणारा, हिशेब लिहिणारा, कर्ज देणारा व निवाडा करणारा पक्ष एकच होता. निजामाच्या दरबाराचा ढिला कारभार ह्या अनर्थास सहायभूत झाला, हे नाकारता येत नाही; परंतु ढिला कारभार हा कर्जाचा पुरावा होऊ शकत नाही.

डिसेंबर १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज माफ झाले. रायचूर दोआब व धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांकडेच राहिले. सालारजंगाचे ते परत मिळविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. १९०२ मध्ये वर्षास २५ लाखांच्या मोबदल्यात प्रांत कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला. १९२३ मध्ये मीर उस्मान अली खान ह्याने पुन्हा मागणी केली, तेव्हा लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये हिशेबाऐवजी ब्रिटिश सार्वभौमत्वाचा दाखला देऊन तिला उत्तर दिले. ऋणाची भाषा जाऊन सत्तेची भाषा आली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने विदर्भ व मराठवाडा एकाच राज्यात आले आणि ढाणकीजवळची पैनगंगा केवळ जिल्ह्यांची सीमा उरली. कर्ज १८६० मध्ये कागदावरून पुसले गेले होते. त्याने आखलेली रेषा पुढे ९६ वर्षे टिकली.