काचेंतील समुद्र आणि सोरा

छत्रपति संभाजीनगरची गुलमंडी समुद्रापासून पुष्कळ दूर. मध्यें सह्याद्रीची रांग उभी. मुंबईस १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां समुद्र त्याच्या समोरच होता. गुलमंडीसारख्या ठिकाणीं ज्या गृहस्थास खाऱ्या पाण्यांतील मासे पाळण्याची हौस असेल, त्यास मात्र गोड्या पाण्यांत विकतचें समुद्री मीठ मिसळून आपला समुद्र आपणच करावा लागतो. कांहीं महिने सर्व ठीक चालतें. मग पाणी आरशासारखें स्वच्छ दिसत असतांहि काचेवर शेवाळ चढूं लागतें, प्रवाळ उमलेनासें होतें, आणि तपासणीचे थेंब टाकतांच नळींतील पाणी लालभडक होतें. हा दोष नायट्रेटचा. शब्द परका वाटला तरी पदार्थ परका नाहीं. आपल्याकडे त्याचाच एक भाऊबंद सोरा या नांवानें शतकानुशतकें ओळखीचा आहे.

गोठ्याच्या मातींत व जुन्या ओलसर भिंतींच्या पायथ्याशीं सोरा सांपडे. ती माती धुवावी, पाणी आटवावें, आणि खालीं राहिलेले स्फटिक गोळा करावे, असा हा जुना धंदा. दौलताबादेस आजहि लोक मेंढा तोफ पाहावयास जातात; असल्या तोफांच्या दारूंत कोळसा व गंधक यांच्याहून सोऱ्याचाच वांटा मोठा असे. अकबराच्या पदरीं सोऱ्याचा उपयोग पिण्याचें पाणी गार करण्याकडे होई, असें आईन-इ-अकबरींत नमूद आहे. शेण, मूत्र, केरकचरा जेथें कुजतो तेथें सोरा होतो, एवढें कारागिरास पक्कें ठाऊक होतें. तो करतो कोण, हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें.

या प्रश्नाचा उलगडा होण्याच्या कथेंत पितापुत्रांची एक जोडी आहे. वडील रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं १८४९ मध्यें एका टाकींत दोन सोनेरी मासे आणि पाणवनस्पति ठेविली. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा, माशांनीं तो घ्यावा, असा हिशेब होता. परंतु जुनीं पानें कुजून पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यांनीं तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं आणि पाणी निवळलें. हा प्रयोग त्यांनीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मांडला, पुढें समुद्राच्या पाण्यावरहि प्रयोग केले, आणि घरोघरीं मत्स्यपेटी ठेवण्याची लाट इंग्लंडांत उसळली. तोल साधला, अशी सर्वांची समजूत झाली. डोळ्यांना न दिसणारा एक जमाखर्च मात्र लिहावयाचा राहिला होता.

तो लिहिण्याचें काम पुत्राकडे आलें, हा मोठा मौजेचा योग आहे. त्यांचें नांवहि रॉबर्टच. रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत ते मातीचा अभ्यास करीत. फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युंट्झ यांनीं १८७७ मध्यें वाळू व खडू यांच्या थरांतून सांडपाणी झिरपत ठेविलें होतें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. मग अकस्मात् खालीं नायट्रेट उतरूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें थांबलें! अर्थात् करणारा जिवंत होता. धाकट्या वॉरिंग्टननीं पुढें दाखविलें कीं, हें काम दोन निराळे जीव दोन पायऱ्यांनीं करतात: एक अमोनियाचें नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचें नायट्रेट. ते जंतु त्यांस वेगळे काढतां आले नाहींत. तें श्रेय १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांस मिळालें. माशाची विष्ठा आणि उरलेलें खाद्य यांचेंहि पेटींत हेंच होतें. अमोनिया जालीम विष; त्यामानानें नायट्रेट सौम्य. पण कोंडलेल्या पाण्यांत तें सांचतच जातें. प्रवाळखडकांभोवतीच्या मोकळ्या समुद्रांत तें लिटरमागें एक मिलिग्रॅमहून बहुधा कमीच असतें. पेटींत ऐंशीवरहि जातें.

मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली व पुढें नहरीनें डोंगराकडील पाणी शहरांत खेळविलें. वापरलेलें पाणी नहरींत परत येत नसे. पेटींतील पाणी मात्र फिरून फिरून तेंच. म्हणून तें बदलणें हा पहिला उपाय. ऐंशीचें पाणी चौथा हिस्सा काढून निर्मळ पाणी घातलें तर साठ होतें. पण नवीन पाण्यांतच चाळीस असेल, तर सत्तरच! दाट वस्तींतील विहिरींत व कूपनलिकांत सांडपाणी झिरपतें, शेताजवळच्या विहिरींत खतें उतरतात. पिण्याच्या पाण्यास भारतीय मानकानें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, म्हणजे माणसास चालणारें पाणीहि प्रवाळास चालेलच असें नाहीं. पाणी उकळून हा दोष जात नाहीं; आटल्यामुळें उलट वाढतो. तुरटीनें वा फडक्यानेंहि जात नाहीं. पुष्कळ घरीं भिंतीवर टांगलेल्या आर-ओ यंत्रानें बराचसा जातो. यास्तव मीठ मिसळण्यापूर्वीं आधीं तें गोडें पाणीच तपासावें. बहुतेक जण तपासतात तें पेटींतलें.

दुसरा उपाय पुन्हां जंतूंचाच. फ्रान्समध्यें गेयाँ व द्युपेती यांनीं १८८० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें कांहीं जंतु नायट्रेटमधलाच प्राणवायु घेतात आणि नत्र वायुरूपानें सोडून देतात. शेतकऱ्यास ही चोरीच वाटावी, कारण खताचें धन हवेंत उडालें. मत्स्यपालकास तोच चोर हवा असतो. जाकार्त्याच्या ली चिन एंग यांनीं १९६१ मध्यें, समुद्रांतून आणलेले सच्छिद्र जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पेटी चालते, हें प्रसिद्ध केलें. पुढें मोनॅकोंत झोबेर यांनीं वाळूच्या जाड थराखालीं पाण्याची पोकळी ठेवून तेंच काम साधलें. पेटीशेजारच्या वेगळ्या कप्प्यांत शेवाळ वाढवावें व वेळोवेळीं कापून टाकावें, ही युक्ति त्याहून सोपी. कापलेल्या शेवाळाबरोबर नत्रहि बाहेर जातो.

इतकें करूनहि मुलांनीं येतां-जातां खाद्याची चिमूट टाकली, कीं सर्व व्यर्थ. आणि ऐंशीचा आंकडा पाहून घाबरून सारें पाणी एका दिवसांत उपसूं नये. जुन्या पाण्यास सरावलेला मासा तो एकाएकीं झालेला पालट सोसत नाहीं. चौथा हिस्सा आज, चौथा हिस्सा आठवड्यानें, असें करीत महिना-दीड महिन्यांत आंकडा खालीं आणावा. नवें पाणी तितकेंच खारट आणि तितकेंच कोमट असावें.