डॉलर बॉस्टनचा, शाळा कुणाची? शारदा सदनाच्या निमित्ताने

वाशी, नेरूळ, बेलापूरकडचे एम.ए.चे विद्यार्थी सिनॉप्सिसबद्दल विचारायला येतात, तेव्हा एक विषय हमखास असतो: परदेशी स्वयंसेवक आणि आपल्याकडची स्त्री-चळवळ. विषय छान आहे. अडचण अशी की बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. एक तर 'बाहेरच्यांनी येऊन आपल्या बायकांना जागं केलं', नाही तर 'मदतीच्या नावाखाली धर्मांतर केलं'. या दोन्ही उत्तरांना अडवणारी एक केस आज बघू, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन.

आधी थोडी पार्श्वभूमी. परदेशी बाईने इथे येऊन मुलींना शिकवणं रमाबाईंच्या आधीपासून चालू होतं. सिंथिया फरार 1827 मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्या व्यवस्थेत पैसा, माणूस आणि योजना असं सगळंच बाहेरून येत होतं.

रमाबाईंनी हा क्रम उलटा केला. 1882 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणजे आश्रय देणारा सोबत अटीही घालतो, हा अनुभव त्यांना अमेरिकेला जाण्याआधीच आलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ झाला. त्यासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिल्या. 1887 मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. गावोगाव व्याख्यानं झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, आणि उपाध्यक्षांत दारूबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलर्ड. खरं काम मात्र शहराशहरांतल्या 'रमाबाई सर्कल्स'नी केलं. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षं देत राहायचं. या बायकांपैकी बहुतेकींनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. आजच्या भाषेत याला कम्युनिटी लेव्हलचं काम म्हणता येईल, फक्त कम्युनिटी अमेरिकेतली होती आणि तिला कामाला लावणारी बाई मराठी होती.

रमाबाई तिथे नुसत्या मागायला गेल्या नव्हत्या, त्या बघतही होत्या. 1889 मध्ये अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक आलं. त्यात तिथल्या बायकांच्या संस्था कशा चालतात याचं मनापासून कौतुक आहे, आणि काळ्या व मूळनिवासी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे. त्यामुळे 'दाता आणि घेणारी' एवढ्या दोनच खणांत हे नातं बसत नाही.

11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. बॉस्टनच्या पैशामागे एक अट होती: शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. विधवा मुलींना आपले जातीचे आचार पाळता येतील अशी सोय ठेवली होती. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, तेलंग अशी मंडळी होती. 1890 मध्ये सदन पुण्याला हललं.

आणि मग भांडण लागलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण दारही लावून घेतलं नाही. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. त्या सुमारास बॉस्टनच्या कार्यकारिणीच्या जुडिथ अँड्र्यूज पुण्याला आल्या, त्यांनी कारभार बघितला आणि असोसिएशन रमाबाईंच्या मागे उभी राहिली.

इथे प्रश्न खरा अवघड होतो. अट कुणी मोडली? मुळात मोडली का? 'शिकवायचं नाही' यात 'दिसू द्यायचं नाही' हेही येतं का? बॉस्टनचा अर्थ एक, पुण्याच्या सल्लागारांचा दुसरा, रमाबाईंचा तिसरा.

दोन वर्षांनी अशीच ओढाताण समुद्रापलीकडे झाली. 1895 मध्ये ब्रुकलिनमध्ये विवेकानंदांनी हिंदू विधवांच्या स्थितीबद्दल जे सांगितलं, ते तिथल्या रमाबाई सर्कलच्या बायकांना मान्य नव्हतं. वाद वर्तमानपत्रांतून रंगला. एका बाजूला भारतीय संन्यासी, दुसऱ्या बाजूला अमेरिकन बायका, आणि विषय हिंदू विधवा. त्या वादात विधवेचं स्वतःचं म्हणणं कुठे होतं?

ते शोधायला गोदूबाईंकडे यावं लागतं. गोदूबाई शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. 1893 मध्ये, म्हणजे ऐन वादाच्या वर्षी, त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्या रमाबाईंबद्दल कृतज्ञतेने लिहितात. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी त्या वर्गणी गोळा करत फिरल्या. बॉस्टनच्या डॉलरचा एक धागा असा हिंगण्यापर्यंत पोचतो. असोसिएशनच्या अहवालांत तो सापडेलच असं नाही, आणि 'केसरी'च्या अग्रलेखांत तर त्याला जागाच नाही.

या मदतीची मर्यादाही स्पष्ट मांडा. सदन होतं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. वेगवेगळ्या जातींच्या मुली मोठ्या संख्येने आल्या त्या दुष्काळानंतर, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. 1898 मध्ये दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि मदतीची नवी व्यवस्था लागली. धर्मनिरपेक्षतेची अट होती तोवर जातीचं कुंपण राहिलं, ते ओलांडलं गेलं तेव्हा ती अट उरली नव्हती. यावर एक अख्खा चॅप्टर होऊ शकतो.

तर मंडळी, असा विषय घेतलात की 'मदत चांगली की वाईट' हा रिसर्च क्वेश्चन ठेवू नका, त्याचं उत्तर तुमच्या मनात आधीच असतं. तीन गोष्टी विचारा. अट कुणी घातली? अटीचा अर्थ लावायचा अधिकार कुणाकडे होता? आणि जिच्या नावाने हे सगळं चाललं, ती पुढे कुठे गेली? पहिल्यासाठी संस्थेचे अहवाल वाचा, दुसऱ्यासाठी पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रं. तिसऱ्यासाठी बायकांची आत्मचरित्रं. ती मराठीत आहेत, आपल्याला थेट वाचता येतात, आणि बॉस्टनमध्ये बसून काम करणाऱ्या अभ्यासकापेक्षा आपण पुढे असतो ते इथेच.