दिव्याची तार आणि चुलीचें ओझें

विजेचा इतिहास लिहितांना आपण बहुधा धरणें, यंत्रगृहें आणि गिरण्या यांकडे पाहतों. घराच्या भिंतीवरून गेलेल्या तारेकडे पाहत नाहीं. वस्तुतः ती तारही एक ऐतिहासिक लेखच होय. ती ज्या काळीं ओढली गेली, त्या काळच्या गरजा तिच्या जाडीवरून वाचतां येतात.

मुंबईंत १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, आणि १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्‌केंद्रांतून त्या शहरास वीज मिळूं लागली. वऱ्हाडच्या खेड्यांपर्यंत तिचा प्रवास मात्र संथ होता. तो पुढें नेण्याचें कार्य मुख्यतः १९६० सालीं स्थापन झालेल्या राज्य विद्युत् मंडळानें केलें. वाशीम जिल्ह्यांतील रिठदसारख्या गांवीं वीज घरांत येते ती प्रथम दिवा होऊन, मागाहून पंखा होऊन. चुलीशीं तिचा संबंध नसतो, आणि तारही त्याच बेतानें ओढलेली असते.

आतां चुलीनेंच त्या तारेचा आश्रय घेतला आहे. ६० वॅटच्या दिव्यास २३० व्होल्टच्या दाबावर पाव अँपिअरहून किंचित् अधिक प्रवाह पुरतो. २००० वॅटच्या इंडक्शन शेगडीस पावणेनऊ अँपिअर लागतात. म्हणजे एक शेगडी तेहतीस दिव्यांचें ओझें घालते. लहान सॉकेट ६ अँपिअरचें, अर्थात् सुमारें १४०० वॅटपुरतें असतें. शेगडी व गीझर यांस १६ अँपिअरचें मोठें सॉकेटच हवें. जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें निष्ठुरपणें लागू पडतो: प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. जेथें जोड सैल, तेथें ती सांचते आणि प्लग काळवंडूं लागतो.

या धोक्यावरची जुनी युक्ति म्हणजे फ्यूज. स्वतः वितळून तारेस वांचविणें हा त्याचा धर्म. त्याच्या जागीं जाड तार गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास झोंपविणेंच होय. परंतु फ्यूज तारेचा रक्षक आहे, मनुष्याचा नव्हे. जो प्रवाह माणसाचा प्राण घेऊं शकतो तो कांहीं दशक मिलिअँपिअरांचा. फ्यूजला त्याची वार्ताही लागत नाहीं. म्हणून अर्थिंगची तिसरी पिन. ती सर्वांत लांब असते, कारण तिनें प्रथम जोडलें जावें व शेवटीं सुटावें. पुढें १९६१ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनीं, गेलेल्या व परतलेल्या प्रवाहांतील अल्प फरक ओळखून वीज तोडणारें साधन सिद्ध केलें. आपल्या घरांत बसविण्याचें तशा जातीचें साधन बहुधा ३० मिलिअँपिअरचें असतें.

आपल्या काळ्या जमिनीपुरती एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वैशाखांत ती भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यांतील ओल जाते आणि विजेला भूमींत उतरण्याची वाट अवघड होते. त्या खड्ड्यांत मधून मधून पाणी घालणें हें तुळशीस पाणी घालण्याइतकेंच नित्याचें झालें पाहिजे.

नवी शेगडी घेतांना तिची किंमत सर्वजण विचारतात. तिच्यासाठीं मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड तार आणावयाची, हा खर्च मात्र त्या हिशेबांत क्वचितच धरला जातो. आणि त्या काटकसरीचा धोका ओल्या हातांनीं स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीच्या वांट्यास येतो.