कामास आलेल्यांची घरे

कुंडलिकेच्या एका अंगास कदीम जालना आणि दुसऱ्या अंगास सदर बाजार अशी जी दोन नावे आजही एकमेकांच्या शेजारी नांदतात, त्यांतले दुसरे लष्कराने मागे ठेवलेले आहे. जिचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रजांच्या हाती, अशा हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी येथे पडली आणि तिच्या दाणागोट्यासाठी हा बाजार वसला. १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात विलीन होऊन छावणी उठली. बाजार मात्र उठला नाही. व्यापाऱ्याची मुळे शिपायाच्या तंबूच्या मेखांहून खोल जातात, हे या गावाइतके क्वचितच कोठे स्पष्ट दिसत असेल.

फौजांचा आणि या भूमीचा संबंध त्याहूनही जुना आहे. १६७९च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालनापूर चार दिवस लुटले, आणि ती लूट घेऊन जड पावलांनी परतणाऱ्या सैन्यास मोगलांनी संगमनेराजवळ गाठले, तेव्हा जी झुंज झाली तीत सिधोजी निंबाळकरांसारखा सरदार पडला आणि बहिर्जी नाइकांनी आडवाटांनी उरलेल्यांस पट्टागडावर पोहोचवले म्हणूनच मोहीम निभावली. इतिहासकार येथे पट्टागडाकडे वळतात. माझे मन संगमनेरच्या माळावर रेंगाळते. तेथे पडलेल्यांच्या घरी पुढच्या सुगीस नांगर कोणी धरला असेल?

या प्रश्नाचे उत्तर मराठी राज्याने अगदी आरंभीच देऊन ठेवले होते. अफजलखानाच्या प्रसंगानंतर कामास आलेल्यांच्या मुलांस पुढे चालवावे, पुत्र नसेल त्याच्या बायकोस निमे वेतन द्यावे, आणि जखमींस जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत द्यावे, असे महाराजांनी ठरवल्याचे सभासदाने लिहिले आहे. बखरकार दरबारी मनुष्य, तेव्हा त्याच्या शब्दांतून थोडी वजावट करून घेणे शहाणपणाचे. परंतु पुढे पेशवाईच्या दफ्तरांत ‘बालपरवेशी’ हा शब्द आढळतो, तो बखरकाराच्या कल्पनेतला नव्हे, तर शाईने बोटे माखलेल्या कारकुनाच्या लेखणीतला आहे. लढाईत पडलेल्याच्या पोरांच्या संगोपनासाठी लावून दिलेली नेमणूक, मग ती रोख असो वा जमिनीच्या रूपाने, ती बालपरवेशी. फारसीतली ‘परवरिश’ मराठीच्या तोंडी रुळली, ती अशी पोरक्या पोराचा हात धरून.

या व्यवस्थेतली एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सनद सरकारची असली, तरी इनाम लावलेल्या जमिनीचे उत्पन्न शेवटी रयतेच्या घामातून येत असे. म्हणजे ज्या कुणब्याने आयुष्यात तलवार हाती धरली नाही, तोही आपल्या पिकातून शिपायाच्या घरची चूल पेटती ठेवी. त्याच गावाच्या वेशीवर बहुधा वीरगळ असे: खाली झुंज, वर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. वीराचे नाव विसरले गेले तरी शेंदूर आणि तेल चुकत नसे.

उलट, भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई आहे, तेथे सन्मान एकाच पक्षाच्या वाट्यास आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा येथे पराभव केला, तो स्वस्तात नव्हे. त्याचे ४२८ ठार आणि अकराशेंहून अधिक जखमी झाले. जखमींसाठी अजिंठ्यास इस्पितळ उभारले गेले, कंपनीने पलटणींस मानाची निशाणे दिली, आणि त्यांनी असईचे नाव व हत्तीचे चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या मिरवले. शिंद्यांचे गोलंदाज आपापल्या तोफांशी चिकटून मेले, हे शत्रूनेच लिहून ठेवले आहे; परंतु त्यांच्यासाठी निशाण कोणी शिवले नाही.

स्वातंत्र्यानंतर बालपरवेशीचा अर्थ नव्या वेषात परतला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या अंमलातून मोकळा झाला, आणि पुढच्याच वर्षी ७ डिसेंबर हा सैनिकांचा ध्वजदिन ठरला. नागरिकांनी द्यावे आणि ते पैसे हुतात्म्यांच्या कुटुंबांस, जायबंदी जवानांस व माजी सैनिकांस पोहोचावेत, अशी ती योजना. २०२० साली महाराष्ट्र सरकारने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टीतून सूट दिली, तेव्हा ‘माफी’ हा जुना दफ्तरी शब्द कानी पडून मला इनामांच्या सनदांची आठवण झाली.

लहानपणी एका ७ डिसेंबरला मी छातीवर टाचणीने लावलेला कागदी झेंडा मिरवीत शाळेतून घरी आलो. लाल, गडद निळा, फिका निळा असे तीन पट्टे; एक कोपरा वाटेतच दुमडलेला. आजीने रंगांकडे फारसे पाहिले नाही. “हा पैसा कोणाच्या घरी जातो रे?” एवढेच तिने विचारले. जे शिपाई लढाईत गेले त्यांच्या घरी, असे मास्तरांचे शब्द मी तिला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग देव्हाऱ्यामागच्या डबीतून चार आणे काढून माझ्या मुठीत कोंबीत म्हणाली, “हे उद्या दे मास्तरांना. त्या घरी पोरं असतील.”