रॉकर आर्म बदलल्याने गाडीची ताकद खरंच वाढते का? राजूर घाटाच्या चढावर मांडलेला हिशोब

मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला निघालं की शेवटी राजूर घाट लागतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर, तर बुलढाणा शहर साडेसहाशेच्या आसपास. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि वळणावर गाडी धाप टाकायला लागते. अशा वेळी मोबाईलवर पाहिलेला एखादा व्हिडिओ आठवतो. रॉकर आर्म बदलले आणि इंजिनाची ताकद वाढली! परदेशातल्या त्या व्हिडिओंमध्ये दाखवतात ते अनेकदा खरंही असतं. प्रश्न आहे तो आपल्या गाडीचा.

आधी रॉकर म्हणजे काय ते पाहू. इंजिनात हवा आत येते आणि धूर बाहेर जातो तो व्हॉल्व्हमधून. हे व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांचं. पण अनेक इंजिनांत कॅम थेट व्हॉल्व्हवर दाब देत नाही, मध्ये एक छोटा दांडा असतो. एका टोकाला कॅमचा धक्का बसतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. हाच रॉकर आर्म.

पहारीने दगड उचलताना टेकू कुठे लावला यावर सगळं अवलंबून असतं, तसंच इथे. कॅमचा उंचवटा ७.५ मिलिमीटर आणि रॉकरचं गुणोत्तर १.५ असेल, तर व्हॉल्व्ह ११.२५ मिलिमीटर उघडतो. १.६ गुणोत्तराचा रॉकर लावला की तोच व्हॉल्व्ह १२ मिलिमीटर उघडतो. कॅमशाफ्ट न बदलता जवळपास सात टक्के जास्त उघडीप मिळते. जास्त हवा आत गेली तर जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. शिवाय भारी रॉकरच्या टोकाला आणि टेकूला रोलर असतात, त्यामुळे घासणं कमी होतं. पत्र्याच्या साध्या रॉकरपेक्षा ते ताठ असल्याने जास्त आरपीएमला वाकतही नाहीत.

पण उघडीप सात टक्के वाढली म्हणून ताकद सात टक्के वाढत नाही. हवेला एअर फिल्टर, मॅनिफोल्ड, हेडमधला मार्ग अशा बाकीच्या वाटाही तेवढ्या मोकळ्या लागतात. अमेरिकेतल्या तीनशे अश्वशक्तीच्या व्ही-८ इंजिनाला अशा बदलाने साधारण दहा-पंधरा अश्वशक्ती मिळते. व्हिडिओत दिसतं ते हेच इंजिन.

आपल्याकडे तशाच पुशरॉडच्या रचनेची सगळ्यांना ठाऊक असलेली गाडी म्हणजे मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. तोच हिशोब लावला तर वाढ दीड-दोन अश्वशक्तीची, बस! जुनी बुलेट आणि शेतातला ट्रॅक्टर यांतही पुशरॉड आणि रॉकर आहेत, पण ट्रॅक्टरला कमी आरपीएमवर ओढायचं असतं. तिथे हा खटाटोप करण्यात काहीच अर्थ नाही.

आजच्या गाड्यांचं तर गणितच वेगळं. मारुती ८०० मध्ये रॉकर होते. नंतरच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत कॅम थेट व्हॉल्व्हवरच्या वाटीला दाबतो, रॉकर नाहीच. म्हणजे बदलायला काही नाही. रांजणगावच्या कारखान्यातही बनलेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलमध्ये रोलरचे दांडे कंपनीकडूनच बसवलेले असतात. घासणं कमी करण्याचा फायदा तिथे आधीच मिळालेला आहे.

रॉकरचा खरा चमत्कार कंपन्यांनीच करून दाखवला. होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक आणलं. त्यात कमी आरपीएमला लहान उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. वेग वाढला की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, शेजारचे रॉकर एकमेकांत अडकतात आणि मोठा उंचवटा कामाला लागतो. टर्बो नसलेल्या १.६ लिटर इंजिनातून १६० अश्वशक्ती निघाली, तीही त्या काळात. अर्थात त्यामागे अख्खं इंजिनच वेगळं होतं.

आता पुन्हा राजूर घाट. चारशे मीटर चढताना हवा साधारण चार टक्क्यांनी विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. म्हणजे रॉकरने दिलेलं घाटच खाऊन टाकणार. त्यात मोठ्या रॉकरचा फायदा मिळतो तो चढ्या आरपीएमला. घाटात दुसऱ्या गिअरवर, अडीच हजार आरपीएमला तो जाणवतही नाही. मेहकर, सिंदखेड राजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडी पळवायची म्हणावं, तर तिथे कारला वेगमर्यादा १२० ची आहे आणि साधी हॅचबॅकही ती गाठते.

धोका मात्र खरा आहे. व्हॉल्व्ह जास्त खोल गेला आणि पिस्टनशी अंतर पुरलं नाही, तर दोघांची टक्कर होते. व्हॉल्व्ह वाकतो, हेड उघडावं लागतं. स्प्रिंग तेवढं दबायला तयार नसेल तर कॅम झिजतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी हे अंतर मोजतो, मगच पान्याला हात लावतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीत आणू शकतो, ते वेगळंच.

घाटात गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि क्लच तपासावा. गाडीत टॅपेट सेट करायची सोय असेल तर फिलर गेज लावून गॅप बघून घ्यावी. गॅप वाढली की टकटक ऐकू येते. गॅप कमी झाली तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत असं होण्याची शक्यता जास्त, कारण तिथे व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते.