मे १९९०, बोरघाट: काटा लाल रेषेकडे

खोपोली मागे पडलं की चारही काचा खाली करा. गाडीत एसी नाहीच, शिवाय यापुढे तुम्हाला बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकावा लागणार आहे. मे १९९०, सकाळचे साडेअकरा. तुम्ही प्रीमियर पद्मिनी चालवताय. कुर्ल्याच्या कारखान्यातलं १९७६चं मॉडेल, चार सिलिंडर, १०८९ सीसी. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, डाव्या हाताशी. बाबांची गाडी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पुरा व्हायला अजून बारा वर्षं आहेत. पुण्याला जाणारी सगळी वाहतूक याच जुन्या रस्त्यानं वर चढते, आणि उजवी-डावीकडे मान वळवायला जागा मिळालीच तर टाटांच्या वीजकेंद्राकडे उतरणारे जाडजूड पाइप दिसतात.

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर, खंडाळा ५५०च्या आसपास. मधला चढ दहा-बारा किलोमीटरचा. पुढे लाकडं भरलेला ट्रक पायी चालणाऱ्याच्या वेगानं सरकतोय, मागे एसटी हॉर्न देतेय. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढताय, इंजिन घुसमटतंय. दुसरा टाका. आवाज वाढेल, वाढू दे. या गाडीचा पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू आणि पाण्याचा पंपही हळू. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. इथे तो वारा नाही, ओझं मात्र पुरेपूर आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो, आणि घाटात पेट्रोल सढळ जळतं. म्हणून सपाटीवर वर्षानुवर्षं लपून राहिलेलं दुखणं घाटात बाहेर येतं. मुंबईत ही गाडी तापत नव्हती, यावरून ती निरोगी होती असं समजू नका.

शिंग्रोबाचं देऊळ अजून वर आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते स्थान, अशी कथा सांगतात. जाणारे-येणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. तुम्ही देवळापर्यंत पोचत नाही. काटा लाल रेषेला टेकतो. बोनेटच्या फटीतून गंजलेल्या, उकळत्या पाण्याचा वास येतो. ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफेची बारीक शीळ.

गाडी कडेला घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा. आणि चावी फिरवायला गेलेला हात थांबवा. पाणी भसाभसा सांडत असतं तर इंजिन तत्काळ बंद करायचं होतं. तसं नाही. ॲक्सिलरेटरवर पाय अलगद ठेवून इंजिन थोडं वर फिरतं ठेवा आणि काट्याकडे बघा. दोन-तीन मिनिटांत तो लाल रेषेवरून सुटतो, हळूहळू मागे येतो.

हा पहिला पुरावा. ओझं काढताच इंजिन थंड व्हायला लागलं, म्हणजे पट्टा तुटलेला नाही, पंखा फिरतोय, पाणीही थोडंफार खेळतंय. जे आहे ते चालतंय, पण कमी पडतंय. उलट उभ्या गाडीचा काटा चढला असता आणि धावत्या गाडीचा उतरला असता, तर संशय पंख्यावर, पट्ट्यावर गेला असता. थंड इंजिन चालू केल्यावर पाच मिनिटांत उकळलं असतं आणि रेडिएटर मात्र गार राहिला असता, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय हे कळलं असतं. गाडी तापते एवढ्या तक्रारीवर कोणालाच काही सांगता येत नाही. कधी तापते, कुठे तापते, काय केलं की निवते, हे गाडीच्या मालकानं बघून ठेवायला हवं. गॅरेजमध्ये बोनेट उघडून उभ्या असलेल्या मिस्त्रीला घाट दिसत नाही.

तुम्ही बोनेट उघडता तोवर लाकडांचा ट्रक पुढे जाऊन थांबलाय. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उतरतो. बोलण्यावरून साताऱ्याकडचा.

"पाव्हणं, टोपणाला हात लावू नगा! समदी वाफ त्वांडावर येईल."

त्याचं शंभर टक्के खरं आहे. रेडिएटरच्या टोपणाच्या स्प्रिंगमुळे आतल्या पाण्यावर दाब असतो, आणि एका पौंड दाबामागे उकळण्याचं तापमान दीडएक अंशानं वर जातं. आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहिलंय ते त्या दाबामुळे. टोपण काढलंत की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होते. भाजलेले हात, भाजलेले चेहरे या घाटानं पुष्कळ पाहिलेत. गार पाणी इंजिनावर ओतायचा मोहही आवरा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं की ते वाकतं, गॅसकेट जातं, आणि तासाभराच्या खोळंब्याचं रूपांतर महिनाभराच्या खर्चात होतं.

"पेट्रोल पंपावर वल्लं फडकं टाकलंय का?" तो विचारतो.

प्रश्न बरोबर, पण दुखणं ते नाही. उन्हाळ्यात या गाड्यांच्या पेट्रोल पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ अडकते, इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, गाडी आचके देत बंद पडते. त्यावर ओलं फडकं हा पक्का उपाय. तुमचं इंजिन मात्र एकदाही अडखळलेलं नाही. गाडी तापणं वेगळं, पेट्रोल अडकणं वेगळं. घाटात दोन्ही गाड्या बोनेट उघडून शेजारी शेजारी उभ्या असतात, म्हणून गल्लत होते.

इंजिन चालू आहे तोवर एक गोष्ट उरकून घ्या. पंख्यापासून लांब, रेडिएटरच्या समोरच्या बाजूनं हात जाळीजवळ न्या. वरचा भाग इतका तापलाय की बोट टेकवत नाही. खाली सरका. मधोमध, खालच्या बाजूला तळहाताएवढा पट्टा चक्क कोमट आहे. बाजूला पुन्हा गरम. पाणी वरच्या टाकीतून बारीक नळ्यांवाटे खालच्या टाकीत उतरतं. जिथे जाळी गार, तिथे नळीतून पाणी वाहतच नाही. नळ्या बुजल्यात.

आता इंजिन बंद करा. अर्ध्या तासानं जाड फडकं धरून टोपण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस संपू द्या, मग काढा. पाणी लालसर मातकट. इंजिन पुन्हा चालू करून डब्यातलं पाणी बेताबेतानं ओता आणि तोंडाशी वाकून बघा: बुडबुडे सतत येतायत का? नाही. ऑइलची दांडी ओढा. ऑइल काळं आहे, दुधाळ नाही. हेड गॅसकेट वाचलंय. ट्रकवाला मान हलवतो, रिकामा डबा उचलतो, निघतो.

नळ्या बुजल्या कशानं, ते बघायला आणखी मागे चला. मे १९८२, बार्शी, मामांचा वाडा. ही गाडी अंगणात उभी आहे, आणि दहा-बारा वर्षांचे तुम्ही बाबांच्या हाकेसरशी बोअरच्या पाण्याची बादली आणताय. त्याच पाण्यानं घरातल्या बंबाला आतून पांढरा थर चढलाय, हे साऱ्या घराला माहीत आहे. रेडिएटरमध्येही तेच पाणी जातं. दर उन्हाळ्यात थोडं उडून जातं, क्षार मागे राहतात, वर पुन्हा बादली. ब्लॉकच्या आतून सुटलेला गंज त्याच नळ्यांत येऊन बसतो.

आणि १९८६चा पावसाळा, दादरमधलं एक गॅरेज. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून बाकावर ठेवलाय. "साहेब, आपल्या हवेत हा लागत नाही." बाबा हो म्हणतात. असे किती थर्मोस्टॅट त्या काळात कचऱ्यात गेले असतील! माझ्या मते आपल्या गॅरेजांनी जुन्या गाड्यांवर केलेला हा मोठा अन्याय आहे. घाट चढताना चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडाच असतो, त्यामुळे तो काढून घाटात फारसं काही हाती लागत नाही. सपाटीवर मात्र इंजिन हवं तितकं तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आतून लवकर झिजतं. त्याहून वाईट म्हणजे काटा नेहमीच खाली राहतो. रेडिएटर अर्धा बुजला तरी मुंबईत कोणाला पत्ता लागत नाही.

परत १९९०. वर चढायचं नाही, गाडी वळवा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ती काट्याची तक्रार न करता खोपोलीत येते. रेडिएटरवाल्याच्या टपरीत ब्लो-लँप पेटतो, पितळी टाक्यांचा डाग सुटतो, आणि नळ्यांची उघडी तोंडं दिसतात. मधल्या कितीतरी बंद. तो लांब सपाट सळई एकेका नळीत घालतो, मागेपुढे करतो, खालून विटकरी चिखल पडतो. याला ते रॉडिंग म्हणतात. वेळखाऊ काम आहे, घाई करू नका. सळई तिरकी गेली तर नळी फाटते. तोवर तुम्ही ब्लॉकमधलं पाणी सोडून द्या, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, टोपणाचं कडक झालेलं रबर आणि खालचा मऊ पडलेला होज बदला, नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या. डाग पुन्हा लावून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरली जाते. कुठेही बुडबुडा नाही.

"साहेब, यापुढे नळाचं पाणी, आणि सोबत कूलंट," तो हात पुसत सांगतो. "बोअरचं नको."

सहा वाजता पुन्हा चढ. पण संध्याकाळची हवा निवलेली आहे, हे विसरू नका. दुपारी नापास झालेली गाडी आता फुकट पास होईल. म्हणून मुद्दाम ट्रकच्या मागेच राहा, दुसऱ्या गिअरमध्ये, ओझ्याखाली. काटा मध्यावर येतो आणि थांबतो. खंडाळ्याला कडेला थांबा, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा, समोरून जाळीवर हात फिरवा. वर गरम, खाली त्याहून कमी, आणि डावीकडून उजवीकडे सगळीकडे सारखं. बाबांना पत्र लिहाल तेव्हा थर्मोस्टॅट पुन्हा बसवलाय हे कळवा, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी तो काढेल.